सांतो दोमिंगो : नव्या जगांतील पहिलें शहर

जगांतील कांहीं शहरें आपल्या सौंदर्यामुळें, कांहीं व्यापारामुळें, तर कांहीं एखाद्या थोर पुरुषाच्या वास्तव्यामुळें नांवारूपास आलेलीं असतात. कॅरिबियन समुद्रावरील सांतो दोमिंगो या शहराची ख्याति मात्र एका निराळ्याच गोष्टीवर उभी आहे. "पहिलें" हें विशेषण या शहराच्या इतिहासांत जितक्या वेळां येतें, तितकें क्वचितच दुसऱ्या एखाद्या शहराच्या इतिहासांत येत असेल. युरोपियनांनीं अमेरिकाखंडांत वसविलेल्या आणि आजतागायत अखंड नांदत असलेल्या शहरांत हें सर्वांत जुनें. त्या खंडांतील सर्वांत जुनें कॅथीड्रल येथेंच आहे. युरोपियन पद्धतीचें पहिलें रुग्णालय येथेंच बांधलें गेलें. स्पेनच्या राजाचें समुद्रापलीकडील पहिलें वरिष्ठ न्यायपीठ येथेंच स्थापन झालें. या यादींत इमारतींचा व संस्थांचा भरणा मोठा आहे. परंतु दगडचुन्यांत न दिसणाऱ्या अशा आणखीहि कांहीं पहिल्या गोष्टी याच शहरांत घडल्या. त्या जमेस धरल्यावांचून या शहराची खरी योग्यता कळावयाची नाहीं. म्हणून दोन्ही प्रकारच्या गोष्टी येथें एकत्र सांगण्याचें योजिलें आहे.

नकाशा पुढें घेऊन पाहिलें असतां क्यूबा बेटाच्या पूर्वेस एक मोठें डोंगराळ बेट दिसतें. त्याच्या पश्चिम भागांत हैती व पूर्व भागांत दोमिनिकन प्रजासत्ताक अशीं दोन स्वतंत्र राष्ट्रें आहेत. यांपैकीं दुसऱ्या राष्ट्राची राजधानी सांतो दोमिंगो ही होय. दक्षिण किनाऱ्यावर ओझामा नांवाची नदी समुद्रास मिळते, तिच्या मुखाशीं हें शहर वसलेलें आहे. कोलंबस तेथें पोंचण्यापूर्वीं या बेटांत ताइनो लोकांची वस्ती होती. त्यांचीं पांच मोठीं राज्यें असून प्रत्येकावर एकेक कासीके, म्हणजे नायक, असे. मातीचे उंचवटे रचून त्यांवर ते कंद लावीत. आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा करितात, त्या कसाव्याची भाकरी हें त्यांचें नित्याचें अन्न होतें. रताळ्यास ते "बटाटा" म्हणत. तो शब्द स्पॅनिश लोकांनीं उचलला, त्यांच्यापासून तो पोर्तुगीजांकडे गेला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागला. आज आपण तो दुसऱ्याच एका कंदास लावितों, इतकाच फरक. ज्यांच्या मुखांतील शब्द आपण रोजच्या जेवणांत उच्चारतों, त्या लोकांचें पुढें काय झालें हें जाणून घेण्याची इच्छा आपणांस स्वाभाविकच झाली पाहिजे.

इ. स. १४९२ च्या डिसेंबरांत कोलंबस या बेटास येऊन लागला व त्यानें त्यास हिस्पानिओला असें नांव दिलें. नाताळच्या सुमारास त्याचें मुख्य जहाज उथळ पाण्यांत रुतून फुटलें. त्याच्या लांकडांचा लहानसा कोट करून त्यांत ३९ माणसें ठेवून तो स्वदेशीं परतला. दुसऱ्या वर्षीं येऊन पाहतो तों त्यांतील एकहि जिवंत नव्हता. मग १४९४ मध्यें उत्तर किनाऱ्यावर त्यानें इसाबेला नांवाचें गांव वसविलें. परंतु रोगराई, उपासमार व आपसांतील भांडणें यांमुळें तेंहि टिकलें नाहीं. दरम्यान दक्षिणेकडे सोनें सांपडूं लागल्याची वार्ता आली. तेव्हां कोलंबसाचा भाऊ बार्तोलोमे यानें १४९६ मध्यें ओझामा नदीच्या पूर्वतीरावर नव्या वसाहतीचा पाया घातला. हाच सांतो दोमिंगोचा आरंभ.

इ. स. १५०२ मध्यें निकोलास दे ओवान्दो हा नवा गव्हर्नर सुमारें ३० जहाजें व २,५०० माणसें घेऊन आला. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत एक विलक्षण प्रसंग घडला. सोनें भरलेला ताफा स्पेनकडे निघण्याच्या बेतांत असतां कोलंबस आपल्या चौथ्या सफरीवर या बंदराशीं आला. आकाशाचीं चिन्हें पाहून त्यानें निरोप पाठविला कीं, मोठें तुफान येत आहे, मला बंदरांत आसरा द्यावा व ताफ्यास कांहीं दिवस थांबवावें. ओवान्दोनें दोन्ही गोष्टी नाकारल्या. कोलंबसानें किनाऱ्याच्या आडोशास राहून आपलीं जहाजें कशींबशीं वांचविलीं. ताफ्यांतील सुमारें २० जहाजें मात्र समुद्राच्या तळाशीं गेलीं. दोन वर्षांपूर्वीं ज्यानें कोलंबसाच्या पायांत बेड्या घालून त्यास स्पेनला रवाना केलें होतें, तो बोबादिल्याहि त्यांत बुडाला. वादळानें नदीच्या पूर्वतीरावरील लांकडी गांव उध्वस्त केलें, तेव्हां ओवान्दोनें पश्चिमतीरावर नवें शहर आंखलें. अशा वादळास ताइनो लोक "हुराकान" म्हणत. इंग्रजी भाषेंतील त्या अर्थाचा शब्द यावरूनच आला आहे.

हें दुसरें शहर मात्र दगडाचें झालें. रस्ते सरळ रेषेंत, एकमेकांस काटकोनांत छेदणारे, मध्यें मोठा चौक, चौकाच्या कडेस देऊळ व सरकारी वाडे, अशी त्याची आंखणी होती. पुढें स्पॅनिश लोकांनीं अमेरिकेंत शेंकडों गांवें वसविलीं, त्यांस याच आंखणीचा कित्ता मिळाला. नदीच्या मुखावर ओझामा किल्ल्याचा चौकोनी बुरूज उभा राहिला. १५०३ मध्यें संत निकोलास याच्या नांवानें रुग्णालयाचा आरंभ झाला. त्याचे भग्न कमानदार अवशेष अद्यापि उभे आहेत. १५०९ मध्यें कोलंबसाचा मुलगा दियेगो गव्हर्नर होऊन आला आणि त्यानें नदीकांठीं आपला प्रशस्त वाडा बांधविला. त्याची पत्नी मारिया दे तोलेदो हिच्या सख्या ज्या रस्त्यानें फिरावयास जात, त्यास "स्त्रियांचा रस्ता" हें नांव पडलें व तें आजहि चालू आहे. १५११ मध्यें राजाज्ञेनें वरिष्ठ न्यायपीठ स्थापन झालें. कॅथीड्रलचें काम १५४० च्या सुमारास पुरें झालें, आणि १५३८ मध्यें पोप तिसरा पॉल याच्या आज्ञापत्रानें येथील मठाच्या विद्यालयास विद्यापीठाची पदवी मिळाली. क्यूबा आणि पोर्तो रिको हीं बेटें जिंकणाऱ्या मोहिमा याच बेटावरून निघाल्या. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस व पेरू जिंकणारा पिझारो हेहि प्रथम येथेंच येऊन राहिले होते.

आतां प्रश्न असा कीं, हे वाडे, हे बुरूज आणि जहाजें भरून जाणारें हें सोनें कोणाच्या श्रमांवर उभें राहिलें? त्याचें उत्तर "एन्कोमिएन्दा" नांवाच्या पद्धतींत आहे. एखाद्या ताइनो नायकाचीं माणसें एखाद्या स्पॅनिश वसाहतवाल्याच्या हवालीं करावयाचीं. त्यांनीं त्याच्या खाणींत व शेतांत काम करावयाचें, आणि त्यानें मोबदल्यांत त्यांचें रक्षण करावयाचें व त्यांस धर्मशिक्षण द्यावयाचें, असा तिचा कागदोपत्रीं अर्थ होता. प्रत्यक्षांत रक्षण व शिक्षण हीं कागदावरच राहिलीं. पुरुष महिनेच्या महिने दूरच्या खाणींत राबत. घरीं शेतें पडीक पडत. त्यामुळें अन्नाचा तुटवडा, तुटवड्यामुळें अशक्तपणा आणि अशक्तपणामुळें मरण, असें हें रहाट चालू झालें. ज्या नायकांनीं विरोध केला किंवा ज्यांच्याविषयीं नुसता संशय आला, त्यांस निर्दयपणें चिरडण्यांत आलें. १५०३ मध्यें शाराग्वा प्रांताची राणी अनाकाओना हिनें ओवान्दोचें पाहुणा म्हणून स्वागत केलें; त्यानें तिच्या सरदारांस एका घरांत कोंडून जाळविलें, आणि पुढें तिला फांसावर चढविलें. १५०८ मध्यें बेटावरील ताइनो लोकांची संख्या सुमारें ६०,००० भरली होती. १५१४ च्या वांटणीच्या वेळीं ती सुमारें २६,००० उरली. १५१८ च्या अखेरीस देवीची सांथ आली व तिनें उरलेल्यांचा संहार केला. नव्या जगांतील पहिल्या शहराबरोबर वेठीची ही पहिली व्यवस्थाहि जन्मास आली आणि येथूनच ती खंडभर पसरली.

परंतु या अन्यायाविरुद्ध पहिला उघड आवाज उठला तोहि याच शहरांत. १५१० मध्यें दोमिनिकन पंथाचे कांहीं संन्यासी येथें आले होते. पेद्रो दे कोर्दोबा हा त्यांचा प्रमुख असून वयानें तो तिशीच्या आंतलाच होता. खाणींतून आलेल्या लोकांची स्थिति पाहून या मंडळींनीं आपसांत पुष्कळ विचार केला, सर्वांच्या संमतीनें एक प्रवचन लिहून काढिलें व त्याखालीं सर्वांनीं सह्या केल्या. तें वाचण्याचें काम आन्तोनिओ दे मोंतेसिनोस याच्याकडे आलें. २१ डिसेंबर १५११ हा नाताळच्या आधींचा रविवार होता. स्वतः दियेगो कोलंबस व शहरांतील सर्व मातबर मंडळी पुढें बसलीं होतीं. मोंतेसिनोसानें त्यांस सरळ विचारिलें कीं, या लोकांस दास्यांत ठेवण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिला, आणि तुम्हांप्रमाणेंच तीं माणसें नाहींत काय. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती लास कासास या इतिहासकाराच्या लेखणीमुळें.

श्रोत्यांत केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना सहज करितां येईल. सायंकाळीं सर्व प्रतिष्ठित मंडळी मठावर चालून गेलीं आणि पुढल्या रविवारीं हे शब्द परत घ्यावेत अशी त्यांनीं मागणी केली. पुढला रविवार उजाडला. देऊळ गच्च भरलें. मोंतेसिनोसानें शब्द परत घेतले नाहींतच. उलट पहिल्याहून कडक भाषेंत तेंच सांगितलें, आणि जे या लोकांस असे राबवितात त्यांस यापुढें पापक्षमा मिळणार नाहीं असेंहि बजाविलें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हे संन्यासी संख्येनें मूठभर होते. त्यांचा उदरनिर्वाह त्याच शहरांतील लोकांच्या दानावर चालत असे. मदत मागावयाची म्हटलें तर स्पेन महिना दीड महिन्याच्या जलप्रवासावर होतें. ज्यांच्या हातचें अन्न खावयाचें त्यांच्याच तोंडावर असें बोलण्यास किती धैर्य लागतें हें ज्याचें त्यानें मनाशीं ठरवावें.

तक्रार राजा फर्डिनंड याच्यापर्यंत गेली. वसाहतवाल्यांनीं आपला प्रतिनिधि स्पेनला धाडला. इकडून मोंतेसिनोस स्वतः गेला. राजानें विद्वानांची सभा बोलाविली आणि २७ डिसेंबर १५१२ रोजीं बुर्गोस येथें नवे कायदे जाहीर झाले. मूळ पद्धत त्यांनीं मोडली नाहीं. परंतु खाणींत पांच महिने काम केल्यावर ४० दिवसांची विश्रांति द्यावी, चार महिन्यांच्या पुढील गरोदर स्त्रीस खाणींत धाडूं नये, कोणास काठीनें किंवा चाबकानें मारूं नये, अशीं बंधनें त्यांत घातलीं होतीं. समुद्रापलीकडे तीं पाळलीं गेलीं नाहींत, हें खरें. तथापि जिंकलेल्या प्रजेसहि कांहीं हक्क असतात कीं काय, हा वाद राजसभेंत शिरला आणि पुन्हां बाहेर गेला नाहीं.

हा वाद ज्यानें जन्मभर चालविला तो बार्तोलोमे दे लास कासास ओवान्दोच्या ताफ्याबरोबरच या बेटावर आला होता. प्रथम त्याच्याहि वांट्यास राबणारीं माणसें आलीं होतीं. १५१४ मध्यें क्यूबांत असतां त्यानें त्यांचा त्याग केला, कांहीं वर्षांनीं तो सांतो दोमिंगो येथें दोमिनिकन संन्यासी झाला, आणि याच बेटावर १५२७ मध्यें त्यानें आपल्या मोठ्या इतिहासग्रंथास हात घातला. १५४२ चे "नवे कायदे" बऱ्याच अंशीं त्याच्या खटपटीचें फळ होत. असें असूनहि त्याच्या हातून एक मोठी चूक झाली. ताइनो लोकांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेंतून गुलाम आणावे, अशी सूचना त्यानेंहि एके काळीं केली होती. पुढें त्यांनाहि तितक्याच अन्यायानें पकडून आणितात हें कळल्यावर त्यास तीव्र पश्चात्ताप झाला व तो त्यानें स्वतःच्या ग्रंथांत लिहून ठेविला. एकाचें दुःख दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून न्याय होत नाहीं, हें त्यास उशिरां कां होईना, उमगलें.

सोनें संपत आलें तसा उंसाचा धंदा वाढला. १५१६ च्या सुमारास साखरेचे घाणे सुरू झाले आणि त्यांवर राबविण्यासाठीं आफ्रिकन माणसें जहाजें भरभरून येऊं लागलीं. १५२१ च्या नाताळांत दियेगो कोलंबसाच्याच घाण्यावरील गुलामांनीं बंड केलें. नव्या जगांत आफ्रिकन गुलामांनीं केलेला ज्ञात असा हा पहिला मोठा उठाव. तो मोडल्यावर जानेवारी १५२२ मध्यें गुलामांना जखडणारे कडक नियम करण्यांत आले.

ताइनो लोकांचीहि एक झुंज याच सुमारास चालू होती. एन्रिकिल्यो हा लहानपणीं फ्रान्सिस्कन मठांत वाढलेला, लिहितां वाचतां येणारा तरुण नायक होता. त्याच्या मालकानें त्याची घोडी हिरावून घेतली व त्याच्या पत्नीची विटंबना केली. त्यानें प्रथम शस्त्र उचललें नाहीं. तो स्थानिक अधिकाऱ्याकडे गेला; नंतर सांतो दोमिंगो येथील त्या वरिष्ठ न्यायपीठापर्यंत गेला. तेथून त्यास पुन्हां त्याच अधिकाऱ्याकडे धाडण्यांत आलें. तेव्हां १५१९ मध्यें तो बाओरुको पर्वतांत शिरला आणि जवळजवळ चौदा वर्षें त्यानें स्पॅनिश सैन्यास दाद दिली नाहीं. अखेरीस १५३३ मध्यें सम्राट पांचव्या चार्ल्सनें पत्र पाठवून त्याच्याशीं तह केला व त्याच्या लोकांस स्वतंत्र राहण्याची मुभा दिली. जें न्यायपीठानें दिलें नाहीं तें डोंगरानें दिलें.

यानंतर शहराचें वैभव ओसरूं लागलें. मेक्सिको व पेरूच्या रुप्यानें लोकांस तिकडे ओढून नेलें. स्वदेशीं परतणारीं जहाजें वारा व प्रवाह अनुकूल म्हणून हवानाच्या बंदरांत जमूं लागलीं, आणि पहिलें शहर वाटेच्या बाजूस पडलें. जानेवारी १५८६ मध्यें इंग्रज दर्यावर्दी ड्रेक यानें तें सर केलें. खंडणी ठरेपर्यंत तो रोज थोडींथोडीं घरें जाळवीत असे. शेवटीं २५,००० दुकात घेऊन सुमारें महिन्यानें तो निघून गेला. १६०५-०६ मध्यें चोरटा व्यापार बंद पाडण्यासाठीं स्पेनच्या सरकारनें बेटाच्या उत्तर व पश्चिम भागांतील गांवें जाळून तेथील रहिवाशांस सांतो दोमिंगोजवळ आणून वसविलें. याचा परिणाम उलटाच झाला. मोकळ्या पडलेल्या पश्चिमभागांत फ्रेंच लोक शिरले आणि १६९७ च्या तहानंतर तो भाग त्यांच्याकडेच राहिला. तेथें त्यांनीं लाखों गुलामांच्या श्रमांवर साखरेचें प्रचंड साम्राज्य उभारलें. १७९१ मध्यें त्या गुलामांनीं क्रांति केली, आणि १८०४ मध्यें हैती हें स्वतंत्र राष्ट्र झालें.

१७९५ च्या तहानें पूर्वभागहि फ्रान्सच्या पदरांत पडला होता. १८०१ च्या जानेवारींत तूसाँ लूव्हेर्त्यूर आपलें सैन्य घेऊन सांतो दोमिंगोंत शिरला. तो स्वतः पूर्वीं गुलाम होता. जेथें आफ्रिकन गुलामांची पहिली जहाजें उतरलीं, त्या शहरांत एका पूर्वीच्या गुलामानें सर्वांस स्वतंत्र केल्याचें घोषित करावें, हा इतिहासाचा न्यायच म्हणावयाचा. परंतु तो लौकरच पुन्हां हिरावला गेला. पुढें फ्रेंच व स्पॅनिश अंमल पालटत राहिले, आणि १८२२ मध्यें हैतीचा अध्यक्ष ब्वाये यानें शहर ताब्यांत घेतल्यावर गुलामगिरी कायमची नष्ट झाली. २७ फेब्रुवारी १८४४ रोजीं हुआन पाब्लो दुआर्ते याच्या अनुयायांनीं शहराच्या वेशीवर दोमिनिकन प्रजासत्ताकाचें निशाण उभारलें. त्यानंतरहि १८६१ ते १८६५ स्पेनची व १९१६ ते १९२४ अमेरिकन संयुक्त संस्थानांची सत्ता या देशावर आलीच.

३ सप्टेंबर १९३० च्या भयंकर वादळानें शहराचा बराच भाग जमीनदोस्त केला. त्याच वर्षीं सत्तेवर आलेला हुकूमशहा त्रुहिल्यो यानें पुनर्रचना केली व १९३६ मध्यें शहरास स्वतःचेंच नांव दिलें. पंचवीस वर्षें नकाशांत "सिउदाद त्रुहिल्यो" असें छापलें जात होतें. १९६१ मध्यें त्याचा वध झाला आणि त्याच वर्षीं जुनें नांव परत आलें.

आज सांतो दोमिंगो हें लाखों वस्तीचें महानगर आहे. त्याच्या जुन्या भागास युनेस्कोनें १९९० मध्यें जागतिक वारशाच्या यादींत घातलें. ओवान्दोनें आंखलेले रस्ते, दियेगोचा वाडा, रुग्णालयाच्या कमानी, सर्व तेथें पाहावयास सांपडतें. जुन्या शहराला लागून समुद्राच्या कांठीं मोंतेसिनोसाचा सुमारें १५ मीटर उंचीचा पुतळा आहे. मेक्सिको देशानें तो १९८२ मध्यें भेट दिला. तोंडाशीं हात नेऊन तो समुद्राकडे मोठ्यानें कांहीं ओरडून सांगत आहे, असें पाहणारास वाटतें.

मोंतेसिनोसाच्या प्रवचनानें ताइनो लोक वांचले नाहींत. त्यांचे शब्द, त्यांची कसाव्याची भाकरी आणि आजच्या दोमिनिकन लोकांच्या रक्तांत मिसळलेला त्यांचा अंश, एवढेंच मागें उरलें. मग त्या दोन रविवारांचा उपयोग काय झाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हेंच कीं, त्यानंतर कोणासहि "हें अयोग्य आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें" असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. पुढें कायदे झाले, ग्रंथ लिहिले गेले, वाद झाले, त्या सर्वांस तोच प्रश्न आधारास घ्यावा लागला. पहिलें कॅथीड्रल, पहिलें रुग्णालय, पहिलें न्यायपीठ यांचा अभिमान त्या शहरानें अवश्य बाळगावा. परंतु वाचकांनीं त्या यादींत आणखी दोन ओळी आपल्या हातानें लिहून ठेवाव्या: वेठीचा जुलूम प्रथम येथें झाला, आणि तो जुलूम आहे असें चारचौघांत प्रथम येथेंच सांगितलें गेलें.